डायलिसिस सेंटर बघताना: मशीनची कंपनी नको, पाण्याचं रजिस्टर विचारा

डायलिसिस सुरू करायचं ठरलं की नातेवाईक विचारतात ते एसी, टीव्ही आणि मशीन कुठल्या कंपनीचं याबद्दल. चांगल्या कंपन्यांची आजची मशीनं जवळपास सारखंच काम करतात. फरक पडतो तो पाण्याने, वेळेने आणि तिथल्या टेक्निशियनने. म्हणून इथे मशीनचं नाही, आठवड्यातून 3 वेळा, 4-4 तास मिळणाऱ्या सेवेचं परीक्षण आहे. तुलना अर्थातच मूळ मालाशी, म्हणजे किडनीशी.

दोन्ही किडन्यांत मिळून साधारण 20 लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या, असतात. ते मिनिटाला 100 ते 120 मिली द्रव गाळतात, म्हणजे दिवसाला साधारण 145 ते 170 लिटर. त्यातून लघवी होते दीड-दोन लिटर. गाळणं हा सोपा भाग झाला. अवघड काम पुढचं: साखर, अमिनो आम्लं, बायकार्बोनेट, सोडियम हवं तेवढं परत घ्यायचं आणि आम्ल नि जादा पोटॅशियम बाहेर टाकायचं. हा हिशेब जेवणागणिक बदलतो, आणि रात्रीही चालूच असतो.

डायलायझरमध्ये, म्हणजे मशीनला जोडलेल्या रक्त गाळणाऱ्या नळकांड्यात, अशी निवड नाही. आत हजारो पोकळ धागे, प्रत्येकाची पोकळी सुमारे 0.2 मिमी. धाग्यांतून रक्त मिनिटाला 250 ते 350 मिलीने जातं, बाहेरून डायलिसेट (शुद्ध पाण्यात क्षार मिसळून केलेला द्रव) 500 मिलीने उलट दिशेने. उलट दिशेमुळे धाग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्हींतला फरक टिकतो. जे रक्तातून जाऊ द्यायचं नाही, ते डायलिसेटमध्ये आधीच घालून ठेवतात. युरिया, पोटॅशियम आणि आम्ल यांच्या बाबतीत ही सेवा उत्तम. युरियाचा रेणू 60 डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक), सहज निघतो. पण बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे छोटं प्रथिन जवळपास 11,800 डाल्टनचं. लो-फ्लक्स (बारीक छिद्रांच्या) डायलायझरमधून ते निघतच नाही, हाय-फ्लक्समधून (मोठ्या छिद्रांच्या) थोडंफार निघतं. वर्षानुवर्षं साठलं की मनगट आणि खांदे धरतात. प्रथिनांना चिकटलेली विषं तर दोन्हींना फारशी दाद देत नाहीत.

फॉस्फेटला काठावर पास. पहिल्या तास-दीड तासात रक्तातली पातळी झपाट्याने उतरते, मग तिथेच रेंगाळते, कारण बराचसा साठा पेशींत आणि हाडांत असतो आणि तो हळूहळू बाहेर येतो. आठवड्याच्या 12 तासांत साधारण अडीच-तीन ग्रॅम निघतं. पथ्य सांभाळूनही अन्नातून त्याहून जास्त शोषलं जातं. म्हणूनच फॉस्फेट बांधणाऱ्या गोळ्या. त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या. जेवणानंतर तासाभराने घेतलेली गोळी जवळपास वाया जाते.

सगळ्यात जास्त तक्रारी ‘पाणी काढण्या’वरून होतात: बीपी पडलं, पायात वांब आले. दोष बहुधा वेगाचा असतो. मशीन पाणी काढतं फक्त रक्तातून. ऊतींतलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो. तासाला दर किलो वजनामागे 13 मिलीच्या वर गेलं की हृदयावर ताण येतो. 60 किलोच्या माणसाला ही मर्यादा 780 मिली, म्हणजे 4 तासांत सुमारे 3.1 लिटर. तो साडेचार किलो वाढवून आला तर सगळं एकाच बैठकीत ओढण्यापेक्षा वेळ वाढवावा, नाहीतर जादा बैठक द्यावी. आणि ‘पाणी कमी प्या’ असं नुसतं बजावून काही होत नाही. 8 ग्रॅम मीठ शरीरात साधारण 1 लिटर पाणी धरून ठेवतं. पापड-लोणचं-फरसाण सुटलं नाही तर तहान सुटणार कशी? ‘लो सोडियम’ मीठ मात्र घरात आणूच नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, तेही भरपूर.

आता घड्याळ. गाडी पकडायची म्हणून दर वेळी अर्धा तास आधी सुया काढल्या, तर आठवड्याला दीड तास जातो: बारातला आठवा हिस्सा. अलार्म वाजून पंप बंद राहिला तो वेळही बैठकीत मोजू नये. महिन्याला केटी/व्ही (बैठकीत युरिया किती साफ झाला त्याचा आकडा) विचारा, 1.2 च्या खाली नको. त्यासाठी बैठकीच्या शेवटी रक्ताचं सॅम्पल कसं घेतात तेही बघा: डायलिसेट थांबवून, रक्ताचा पंप मिनिटाला 100 मिलीवर आणून, 15 सेकंदांनी. तसं न करता घेतलं तर नुकतंच साफ झालेलं रक्त त्यात मिसळू शकतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो.

पाण्याचं रजिस्टर विचारा म्हटलं ते यासाठी: एका बैठकीत 120 लिटर पाणी पातळ पडद्यापलीकडून रक्ताला भिडतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन (जंतू मारायला घातलेल्या क्लोरीनचं एक रूप) आरओतूनही निसटतं, ते कार्बन टँकनेच अडवावं लागतं. अडलं नाही तर तांबड्या पेशी फुटतात. दर शिफ्टआधी तपासणी हवी आणि एकूण क्लोरीन लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या खाली. रजिस्टर दाखवायला कां-कू करणारं सेंटर आम्ही बाद धरतो. एकाच शिफ्टमध्ये दोघा-तिघांना थंडी वाजून ताप आला तर पाण्यावर संशय घ्यावा. एकट्यालाच आला आणि मानेत कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी) असेल तर आधी कॅथेटरवर.

रियूज असेल, म्हणजे तुमचाच डायलायझर धुऊन पुन्हा वापरत असतील, तर त्यावरचं नाव स्वतः वाचा. धाग्यांतल्या पोकळीच्या मूळ आकारमानाच्या 80 टक्क्यांखाली गेलेला डायलायझर टाकून द्यायचा असतो, आणि लावण्याआधी जंतुनाशकाचा अंश उरला नाही याची चाचणी करायची असते.

हार्मोनच्या खात्यात शून्य. एरिथ्रोपोएटिन (रक्त तयार करायला लावणारं हार्मोन) इंजेक्शनने, लोह सलाइनमधून, सक्रिय ड जीवनसत्त्व गोळीने. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा 2016 च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून बैठक मोफत मिळत असली, तरी ही इंजेक्शनं आणि फिस्टुलाचं (सुया टोचण्यासाठी हातातली धमनी शिरेला जोडण्याचं) ऑपरेशन त्यात धरलंय का ते आधी विचारून घ्या. फिस्टुला तयार व्हायला 6 ते 8 आठवडे तरी लागतात. त्या हातावर बीपी नाही, रक्त काढणं नाही, आणि रोज बोटांनी थरथर तपासायची. ती लागेनाशी झाली तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायचं.

हे सगळं नीट झालं तरी काम होतं ते निरोगी किडनीच्या साधारण दहा-पंधरा टक्के. त्यामुळे स्वतःची थोडीशी लघवी उरली असेल तर ती जपा. दुखण्यावर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नका. सेंटर दोन-तीन तासांवर असेल तर सीएपीडीचा (पोटात द्रव भरून करायच्या डायलिसिसचा) विचार जरूर करावा: रोज 4 वेळा 2-2 लिटर, घरच्या घरी, तेही सलग चालणारं. पिशवी बदलताना हात धुण्यात हयगय झाली तर पोटात जंतुसंसर्ग होतो. निचऱ्याचं पाणी गढूळ दिसलं की ती पिशवी फेकू नका, तशीच घेऊन हॉस्पिटल गाठा.