शिनाई, आठ महिन्यांनंतर: बांबू बरा, पण ती चामड्याची पट्टी!

गुरुवारी केंडोच्या (जपानी तलवारबाजीच्या) सरावात माझ्या शिनाईची, म्हणजे बांबूच्या चार पट्ट्यांच्या सरावाच्या तलवारीची, नाकायुई सुटली. म्हणजे त्या चार पट्ट्या आवळून धरणारी चामड्याची पट्टी. या महिन्यात तिसऱ्यांदा. समोरच्याने हात वर करून थांबवलं, पोरासोरांसमोर शोभा झाली, म्हणून हे लिहायला बसलो.

मी टोकियोत निशी-कासाईला राहतो. शिनाई ३९ मापाची, साडेतीन हजार येनची, आठवड्यातून दोन दिवस वापर.

बांबूबद्दल तक्रार नाही. सरावाआधी तिच्यावरून जुना पायमोजा फिरवतो. कुसळ असेल तिथे तो अडकतो, मग काचपेपर. इथे आळस नको, कुसळ मुखवट्याच्या जाळीतून समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकतं. आजोबा लाठीला तेल पाजायचे, त्याच थाटात जानेवारीत खोबरेल चोळलं. इथल्या थंडीत ते थिजतं हे डोक्यातच आलं नाही. सगळ्या खाचांत पांढरा थर, रविवार पुसण्यात गेला. आता स्वयंपाकाचं साधं तेल, फडक्यावर चार थेंब.

फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत बांबूची एक पट्टी उभी तडकली. दुकानदार म्हणाला, ‘शोमोहिन’, म्हणजे वापरून झिजणारी वस्तू, बदलून मिळणार नाही. माझ्या मोडक्या जपानीत भांडून झालं. घरी येऊन रागारागाने दोरी सोडली, मुठीचं चामडं ओढून काढलं. आत चिगिरी, पत्र्याचा चौकोनी तुकडा, चारही पट्ट्यांच्या खाचांत बसलेला. अडगळीत त्याच बनावटीची जुनी शिनाई होती. तिची एक पट्टी काढली, पेरं जुळली, चिगिरीची खाचही जुळली! खर्च शून्य. दुकानदारावरचा निम्मा राग तिथेच उतरला.

पण नाकायुई! टोकापासून पाव अंतरावर चामड्याची एवढीशी पट्टी. ती सैल झाली की चार पट्ट्या फाकणार. तीन वेढे, गाठ, सगळं शिकवल्याप्रमाणे केलं, तरी सरकतेच. लोक म्हणतात कार्बनची घ्या. तिच्या किमतीत बांबूच्या कितीतरी येतात, आणि नाकायुई तिलाही लागतेच.

इथवर लिहून दोन तारे देणार होतो. मधे शनिवारचा सराव झाला. एका आजोबांनी माझी गाठ बघितली आणि विचारलं, “भिजवली होतीस का?” चामडं पाण्यात भिजवून, ताणून बांधायचं; वाळताना आवळतं. आठ महिने मी कोरडंच बांधत होतो.

तारे तीन करतो. चौथा नाही, कारण सोबतच्या कागदावर हे छापायला काय झालं होतं? परवा भिजवून बांधली आहे, अजून हललेली नाही. गुरुवारी बघू.