व्हिलेज व्हॅनगार्ड : सोळा वादकांचा सोमवार

न्यूयॉर्कमध्ये जॅझ ऐकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. परंतु ज्याला मुळात वाद्यांचीच ओढ आहे, ट्रम्पेट आणि त्याच्याच जातीचे, मऊ आवाजाचे फ्लूगलहॉर्न यांच्या आवाजांतला फरक ज्याला स्वतःच्या कानांनी पारखून घ्यायचा आहे, त्याने ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या क्लबात जावे आणि शक्य असेल तर सोमवारी जावे, असे तिथे दोन रात्री ऐकल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे.

सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवरच्या १७८ क्रमांकाच्या लाल दारातून पंधरा पायऱ्या उतरल्या की आपण एका ठेंगण्या तळघरात येतो. खोली पाचरीच्या आकाराची आहे. तिच्या अरुंद टोकाला मंच आहे, भिंतींवर इथे वाजवून गेलेल्या कलावंतांची छायाचित्रे आहेत आणि सगळी मिळून १२३ माणसे मावतात. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ मध्ये या तळघरात क्लब आणला. सुरुवातीला इथे कवितावाचन, लोकसंगीत आणि विनोदी कार्यक्रम होत असत. पूर्णपणे जॅझचा असा तो १९५७ पासून झाला. गॉर्डन यांच्यानंतर पत्नी लोरेन यांनी आणि त्यांच्यानंतर कन्येने क्लब सांभाळला, त्यामुळे जागेचा स्वभाव फारसा बदललेला नाही.

सोमवारी इथे ‘व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा’ वाजतो. ७ फेब्रुवारी १९६६ रोजी वादक-रचनाकार थॅड जोन्स आणि ड्रमवादक मेल लुईस यांनी तो सुरू केला. स्टुडिओत आणि नाट्यगृहांत पोटासाठी वाजवणाऱ्या नामवंत वादकांना सोमवारची रात्र मोकळी असे, म्हणून तो वार ठरला आणि आजही तोच आहे. पाच सॅक्सोफोन, चार ट्रॉम्बोन, चार ट्रम्पेट, पियानो, डबल बेस (उभे धरून वाजवायचे, खर्जाचे मोठे तंतुवाद्य) आणि ड्रम असे सोळा वादक एवढ्याशा मंचावर खांद्याला खांदा लावून बसतात. इतकी पितळी वाद्ये एवढ्या बुटक्या छताखाली वाजली की कानठळ्या बसतील, अशी मला भीती वाटत होती. प्रत्यक्षात ध्वनिवर्धकाचा वापर जेमतेम असल्याने प्रत्येक वाद्याचा आवाज त्याच्या जागेवरूनच येत होता आणि डोळे मिटूनही कोण कुठे बसले आहे ते सांगता येत होते.

सॅक्सोफोन इतक्या जवळून मी प्रथमच ऐकला. १८४६ मध्ये पॅरिस येथे अडॉल्फ सॅक्स यांनी पेटंट घेतलेले हे वाद्य पितळेचे असूनही गणले जाते लाकडी सुषिर वाद्यांत, कारण त्याचा सूर ओठांच्या कंपनातून नव्हे, तर तोंडातल्या वेताच्या पातळ पत्तीतून उमटतो. आपल्या सनईची पत्ती दुहेरी असते, याची एकेरी. आवाजातला तो मऊ, किंचित श्वासमिश्रित पदर तिथून येतो. रेकॉर्डवर हे पुस्तकी ज्ञान राहते. इथे मात्र पहिल्या रांगेतल्या टेनर सॅक्सोफोनवादकाने स्वर अगदी हळू सोडला, तेव्हा आधी श्वास ऐकू आला, मग पत्ती आणि मग स्वर. चाव्यांच्या चामडी गाद्या छिद्रांवर पडतानाचा बारीक टपटप आवाजही वेगळा कळला. याच रांगेतले वादक मधूनच सॅक्सोफोन खाली ठेवून बासरी किंवा क्लॅरिनेट उचलतात आणि मग साऱ्या वाद्यवृंदाचा रंगच पालटतो.

मागच्या रांगेतही तेच घडते. ट्रम्पेटच्या नळीचा बराचसा भाग सारख्या व्यासाचा असतो, तर फ्लूगलहॉर्नची नळी रुंदावत जाते; म्हणून एकाचा स्वर धारदार लागतो आणि दुसऱ्याचा सायीसारखा. थॅड जोन्स स्वतः कॉर्नेट (ट्रम्पेटसारखेच एक पितळी वाद्य) आणि फ्लूगलहॉर्न वाजवत असत, आणि चारही वादकांनी एकदम ट्रम्पेट ठेवून फ्लूगलहॉर्न हाती घेतले, तेव्हा त्यांच्या रचनांत हा मऊपणा कुठून आला ते उमगले. ट्रम्पेटच्या तोंडाशी रबरी वाटी धरून, ती उघडझाप करून काढलेला ‘वा-वा’ असा बोलका स्वर तर मला थेट घरी घेऊन गेला. सी. रामचंद्र यांच्या गाण्यांत आपण ट्रम्पेट ऐकतो, तो वाजवणाऱ्यांपैकी चिक चॉकलेट हे मूळचे गोव्यातल्या हळदोण्याचे आणि मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवणारे. लहानपणापासून कानावर असलेल्या त्या आवाजाचे कूळ मला इथे भेटले.

दुसरी रात्र पियानो, बेस आणि ड्रम अशा त्रिकुटाची होती, आणि ज्याला डबल बेस ऐकायचा आहे त्याच्यासाठी ही रात्र अधिक चांगली. २५ जून १९६१ रोजी, एका रविवारी, याच खोलीत पियानोवादक बिल एव्हन्स यांच्या त्रिकुटाचे ध्वनिमुद्रण झाले. त्यात मागे ग्लासांचा किणकिणाटही ऐकू येतो. त्यातले बेसवादक स्कॉट लाफारो यांनी बेसला केवळ ठेका धरणारे वाद्य न ठेवता पियानोशी बरोबरीने बोलते केले आणि अकराच दिवसांनी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अब्राहम प्रेस्कॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडवलेला त्यांचा बेसही त्या अपघातात मोडला; पुढे तो दुरुस्त करण्यात आला. मंचापासून हातभर अंतरावर बसून तारेवर बोट घासल्याचा आवाज ऐकताना मला सारखी त्या वाद्याची आठवण येत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनीही इथे ध्वनिमुद्रण केले आणि एरिक डॉल्फी यांनी त्यांच्या साथीला बेस क्लॅरिनेट वाजवले. त्याचा खोल, घुमारेदार आवाज या भिंतींत कसा भरला असेल याची कल्पना आता करता येते.

जागा कुठे घ्यावी, हे महत्त्वाचे आहे. आसने राखीव नसतात, म्हणून लवकर जाऊन रांगेत उभे राहावे. ऑर्केस्ट्रासाठी खोलीच्या मध्यापासून थोडे मागे बसावे, म्हणजे तिन्ही रांगा एकजीव होऊन येतात. त्रिकुटासाठी अगदी पुढे. ड्रमच्या लगतचे बाक मी नवख्याला सुचवणार नाही, कारण झांजांच्या लखलखाटात पियानो बुडतो. पण ब्रशने स्नेअर या छोट्या ड्रमच्या कातड्यावर घोळवलेला ताल ज्याला शिकायचा आहे, त्याने मुद्दाम तिथेच बसावे. आठचा आणि दहाचा असे दोन कार्यक्रम होतात. मला दहाचा अधिक आवडला. तोवर वादकांचे हात मोकळे झालेले असतात.

तिकिटाखेरीज प्रत्येकाला किमान एक पेय घ्यावे लागते. खायला काहीही मिळत नाही, म्हणून जेवून जावे. इथले स्वयंपाकघर आता वादकांची बसण्याची खोली झाले आहे. छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण यांना मनाई आहे आणि वादन चालू असताना बोलणे चालत नाही. हे दोन्ही नियम मला मनापासून पटले. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी मात्र त्या पंधरा पायऱ्यांचा आधीच विचार करावा.

सोमवारी दहाचा कार्यक्रम संपल्यावर मी मुद्दाम रेंगाळलो. ट्रॉम्बोनवादक नळीतले पाणी काढत होते, सॅक्सोफोनवादक पत्ती पुसून डबीत ठेवत होते. सर्वांत शेवटी बेसवादक निघाले. माणसाहून उंच असलेले ते वाद्य त्यांनी मऊ खोळीत घातले, मानेपाशी एक हात आणि कमरेखाली दुसरा हात घालून उचलले आणि वरच्या कोपऱ्याला न लागेल अशा बेताने, एकेक पायरी मोजत, रस्त्यावर नेले.