‘एअरपोर्ट फायर ऑफिसर’ डिप्लोमा : भाच्याच्या इन्स्टिट्यूटचा मामाने लिहिलेला रिव्ह्यू

पाचपैकी दोन स्टार देतोय आणि ते दोन्ही ड्रिल घेणाऱ्या सरांचे, बाकी इन्स्टिट्यूटला द्यायला माझ्याकडे काही शिल्लक नाही. नाव लिहीत नाही कारण असल्या इन्स्टिट्यूट गल्लोगल्ली झाल्यात आणि सगळ्यांचं ब्रोशर एकाच प्रेसमधून निघाल्यासारखं असतं, लाल गाडी, मागे विमान, पुढे हाताची घडी घातलेला हेल्मेटवाला.

मी स्वतः विमानतळावर फायर सर्व्हिसला आहे. ताईने भाच्याची ॲडमिशन परस्पर केली, फीचा पहिला हप्ता भरला आणि मग मला फोन, "जरा बघून ये रे, कसं आहे ते." गेलो. काउन्सेलर मॅडमना वाटलं मी नुसताच पालक, त्या सुरूच झाल्या, सर, एक वर्षाचा डिप्लोमा झाला की डायरेक्ट सिनियर फायर ऑफिसर, एअरपोर्टला. म्हटलं डायरेक्ट? हो म्हणे सर, हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट. आमच्या शिफ्टचे साहेब सगळ्यात खालच्या पोस्टपासून वर आलेत, त्या खुर्चीत बसेपर्यंत डोक्यावरचे केस गेले त्यांचे.

आधी कामाचं सांगतो. एअरपोर्ट अथॉरिटीत फायरला खालून शिरायचं म्हणजे ज्युनियर असिस्टंट, पगाराची स्केल ३१,००० ते ९२,०००. त्याला बारावी रेग्युलर पन्नास टक्क्यांनी पास चालते, नाहीतर दहावीनंतरचा मेकॅनिकल, ऑटोमोबाईल किंवा फायरचा तीन वर्षांचा रेग्युलर डिप्लोमा. सोबत ड्रायव्हिंग लायसन्स, शक्यतो हेवी. हा जो एक वर्षाचा डिप्लोमा विकतायत तो यात कुठे बसतो? कुठेच नाही. सिलेक्शन झाल्यावर ट्रेनिंग अथॉरिटी स्वतःच्या सेंटरला देते, दिल्ली नाहीतर कोलकाता. डायरेक्ट ऑफिसर व्हायचं तर ज्युनियर एक्झिक्युटिव्ह, त्याला इंजिनीअरिंगची डिग्री लागते. आणि फायरचंच शिक्षण घ्यायचंय तर नागपूरला सरकारी नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज आहे की, फायर इंजिनीअरिंगची डिग्री तिथे मिळते. हे मॅडमना विचारलं तर म्हणाल्या सर तिथे कॉम्पिटिशन फार असते. असणारच ना बाई.

बरं, सिलॅबसमध्ये ‘सिनियर फायर ऑफिसरची कर्तव्ये’ असं एक आख्खं प्रकरण आहे म्हणून उत्सुकतेने नोट्स उघडल्या. दीड पान. नेतृत्व, शिस्त, टीमवर्क, वेळेचं नियोजन. हे कुठल्याही बँकेच्या मॅनेजरला पण चालेल.

खरं काम काय असतं बघा. शिफ्ट बदलली की साहेब पहिल्यांदा गाड्यांचा रिपोर्ट घेतात, पाणी किती, फोम किती, पावडर किती, छतावरचा मॉनिटर, म्हणजे पाणी-फोम फेकणारी तोफ, फिरतोय का, पंप प्रेशर धरतोय का. आता दोन क्रॅश टेंडरपैकी (विमानतळावरच्या आगीच्या गाड्या) एक बंद पडली समजा, तर ती नुसती गॅरेजची भानगड राहत नाही. विमानतळाची फायर कॅटेगरी असते आणि ती विमानाच्या लांबीवर आणि बॉडीच्या रुंदीवर ठरते, म्हणजे एअरबस ए३२० सहामध्ये बसतं पण त्याचंच लांबडं भावंड ए३२१ सातमध्ये जातं. सातला कमीत कमी दोन गाड्या लागतात आणि लेव्हल बी (फोमच्या दर्जांपैकी मधला) फोम असेल तर १२,१०० लिटर पाणी. एक गाडी गेली की कॅटेगरी खाली, टॉवरला कळवायचं, नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, निघतो, एअरलाइनवाले फोनवर फोन करतात, ऑपरेशन्सवाले येऊन डोक्यावर उभे राहतात, ‘अर्ध्या तासात होतंय ना हो साहेब, मग कशाला डाउन दाखवता’, आणि अशा वेळी समोरच्याच्या तोंडावर ‘नाही, गाडी टेस्ट होईपर्यंत डाउनच’ म्हणायला जी छाती लागते तिचा पगार असतो त्या पोस्टला. आग विझवायला आम्ही आहोतच की खाली. नोट्समध्ये कॅटेगरी हा शब्दच नाही, मी दोनदा चाळून बघितल्या.

रिस्पॉन्स टाइमबद्दल एक ओळ आहे, ‘लवकरात लवकर पोहोचणे’. अरे बाबांनो, त्याला आकडा आहे. रनवेच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत, आणि टार्गेट दोन मिनिटांचं. साहेब मे महिन्याच्या उन्हात स्टॉपवॉच घेऊन उभे असतात आणि दोन सेकंद जास्त गेले तर परत. फुल स्केल इमर्जन्सी एक्सरसाइज दोन वर्षांतून एकदा तरी करावीच लागते, त्यात गावातली फायर ब्रिगेड, हॉस्पिटलं, पोलीस सगळ्यांना बोलवायचं, कोणती ॲम्ब्युलन्स कुठल्या गेटने आत येणार ते ठरवायचं, मग पुढचे आठ दिवस चुकांचा रिपोर्ट लिहीत बसायचं. टर्मिनलमध्ये कोणाला वेल्डिंग करायचं असेल तर त्याच्या परमिटवरही सही लागतेच.

आणि नोट्सच्या कव्हरवरचा फोटो! विमानाच्या चाकाच्या अगदी बाजूला उभा राहून एक जण पाण्याचा फवारा मारतोय. हा फोटो कव्हरवर छापलाच कसा? आमच्याकडे एकदा विमान हॉट ब्रेक, म्हणजे भयंकर तापलेले ब्रेक, घेऊन उतरलं, नवीन पोरगा जोशात होज घेऊन सरळ चाकाच्या बाजूने निघाला, साहेब असे ओरडले की रेडिओची गरज पडली नाही, "बाजूने नाही रे, पुढून ये, पुढून!" चाक फुटलं तर तुकडे ॲक्सलच्या रेषेत दोन्ही बाजूंना उडतात, म्हणून जायचं ते पुढून नाहीतर मागून. आणि आग नसेल तर तापलेल्या चाकावर भसकन पाणी ओतायचं नाही, आपोआप गार होऊ द्यायचं. आम्ही सगळे होज भरून नुसते उभे, साहेब चाकाकडे बघतायत, कोणी काही करत नाहीये, लांबून बघणाऱ्याला वाटावं हे लोक टाइमपास करतायत.

२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला विमान आपटलं तेव्हा फोमखाली झाकल्या गेलेल्या एका मुलीवरून फायरची गाडी गेली होती. कोणती गाडी कुठून आत जाणार आणि जमिनीवर कोण पडलंय हे बघायला माणूस कोण ठेवणार, हे ठरवणारा माणूस म्हणजे सिनियर ऑफिसर. हे असं काहीतरी शिकवा ना, दीड पानाची शिस्त काय शिकवता.

आता ड्रिलचे सर. महापालिकेच्या फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेले, बोलायला तिखट. शिडी, दोराच्या गाठी, बीए सेट (धुरात श्वास घ्यायचा मास्क-सिलिंडर) घालणं, माणूस खांद्यावर घेऊन पळणं हे त्यांनी पोरांकडून असं घोटून घेतलंय की भाचा आता डोळे मिटून बोलाइनची गाठ मारतो. १४ एप्रिलला त्यांनी पोरांना १९४४ च्या मुंबई गोदीच्या स्फोटाची गोष्ट सांगितली, फायर ब्रिगेडचे ६६ जण गेले त्यात, म्हणून तो दिवस पाळतात. भाच्याने घरी येऊन ताईला सांगितली. पण सरांच्या हाताखाली काय दिलंय तर भंगारातून आणलेली एक गाडी, तिचा पंप चालू होत नाही, पोरं रिकामा होज धरून ‘वॉटर ऑन’ ओरडतात.

प्लेसमेंट आली. मॉलमध्ये फायर गार्ड, बारा तास, आणि रात्री पार्किंगची पावती पण फाडायची. "मामा, हे एअरपोर्ट नाही ना?" म्हणाला. म्हटलं तुमच्या मॅडमना विचार, छताला विमान टांगलं असेल कुठेतरी. पुण्याच्या एका पोराला लोहगाव एअरपोर्टला लावतो म्हणाले होते, तिथला रनवे हवाई दलाचा आहे हे सांगणाऱ्याला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

तर ज्यांची पोरं बारावी झालीत त्यांनी एवढ्या पैशात लायसन्सचं बघा, सकाळी पळायला लावा, दोरावर चढायला लावा आणि भरतीची जाहिरात स्वतः वाचा, अटी बदलत असतात. भाचा सध्या तेच करतोय, ड्रिलच्या सरांनी रविवारी घरी बोलावून फुकट प्रॅक्टिस घेतो म्हणून सांगितलंय. हॉस्टेलचं डिपॉझिट मात्र अजून मिळालेलं नाही, ताई दर सोमवारी फोन करते आणि दर सोमवारी अकाउंटवाल्या मॅडम रजेवर असतात.