कुरिअरवाल्याने *२१* दाबायला सांगितलं तर फोन ठेवा

२०२४ च्या फेब्रुवारीत ताईच्या बाबतीत घडलेलं सांगतो. तिचं पार्सल खरंच यायचं होतं, त्यामुळे संशय येण्याचं कारण नव्हतं. "मॅडम, पत्ता सापडत नाहीये. डिलिव्हरी बॉयला लावा. स्टार एकवीस स्टार, मग हा नंबर, शेवटी हॅश." ताईने लावला. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं नि गेलं. "झालं मॅडम, येतोच."

तो फोन नंबर नव्हताच, मोबाईल कंपनीला दिलेला हुकूम होता: माझे सगळे कॉल या नंबरावर वळवा. मग भामट्याने त्याच्या मोबाईलवर ताईच्या नंबराने व्हॉट्सॲप सुरू केलं. ओटीपी मागवला कॉलवर, आणि तो कॉल गेला त्याच्याकडेच. थोड्याच वेळात नातेवाइकांना मेसेज: "अर्जंट आहे, संध्याकाळी परत करते."

आमचा मावसभाऊ तसा सावध. त्याने आधी खात्री करायला ताईला फोन लावला. तोही चोराकडेच गेला! चोराने कट केला आणि मेसेज टाकला, "दवाखान्यात आहे, बोलता येत नाही." गेले १५ हजार. 'पैसे देण्याआधी फोन करून विचारा' हा आपला नेहमीचा सल्ला इथे चोराच्याच पथ्यावर पडला.

पुढे दुकानातल्या पोराने फॅक्टरी रिसेट मारला. ताईचे फोटो उडाले, रिसेटचे पैसे वर, आणि कॉल वळतच राहिले. कारण ही नोंद हँडसेटमध्ये नसते, कंपनीच्या यंत्रणेत असते. ##००२# लावल्यावर लगेच सुटलं. (चालू आहे का ते *#२१# ने दिसतं.)

टॉवर कसा चालतो हे ताईला कळायलाच हवं, असं मी म्हणणार नाही. मलाही कुठे कळतं? पण आपण दाबतोय तो नंबर आहे की हुकूम, एवढं कळायला हवं. ते कंपनीने कधी सांगितलं नाही, आम्हा घरच्यांनाही सुचलं नाही.

१५ एप्रिल २०२४ पासून कोडने कॉल वळवण्याची सोय बंद ठेवा, असं दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं. त्यावर विसंबू नका. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच टाका. ओटीपी चोरला तरी त्या पिनपाशी गाडी अडते. आणि पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच क्षणी लावा. मावसभावाने दुसऱ्या दिवशी लावला, तोवर रक्कम काढून झाली होती.