अकराव्या दिवशी पडलो, आठ महिन्यांनी लिहितोय: 350 सीसी बाईकचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, कुठल्या कंपनीची बाईक ते लिहिणार नाहीये. नाव लिहिलं की अर्धे लोक ती कंपनी किती भारी किंवा किती भंगार ह्यावरच सुरू होतात आणि मला जे सांगायचंय ते राहतं बाजूला. 350 सीसी, सिंगल सिलिंडर, वजन 180 किलोच्या आसपास, पुढे-मागे डिस्क ब्रेक आणि दोन्हीकडे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), एवढं पुरे. आज मीटरवर 5,200 किलोमीटर आहेत. आठ महिन्यांच्या मानाने कमी वाटतील, कारण त्यातले दोन महिने गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री पांघरून उभी होती आणि मी मागच्या दाराने बाहेर जायचंच बंद केलं होतं.

मी डिचोलीजवळचा, ऑफिस पणजीला पाटोवर. म्हापसा-पर्वरीकडून गेलं की उड्डाणपुलाच्या कामात अडकायला होतं, पणजीच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी, म्हणून मी मये, चोडण, फेरीबोट, रायबंदर असा जातो, एका बाजूने वीसेक किलोमीटर. आणि हा रस्ता मी दहा वर्षं 110 सीसीच्या स्कूटरवरून केला. हे स्कूटरचं लक्षात ठेवा, सगळी भानगड तिथेच आहे.

अक्षय तृतीयेला डिलिव्हरी घेतली. देवळात नेली, भटजींनी गाऱ्हाणं घातलं, चाकाखाली लिंबू चिरडलं, आईने हँडलला अबोलीची फाती (वेणी) बांधली, शेजारपाजारच्यांना पेढे. अकराव्या दिवशी संध्याकाळी ऑफिसमधून येताना पडलो. मीटरवर 312.

वळवाची सर नुकतीच येऊन गेली होती, दहा मिनिटांची, म्हणजे रस्ता धुऊन निघेल एवढी नाही, नुसता ओला करून सोडणारी, आणि हीच सगळ्यात वाईट असते. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं ऑइल, धूळ, त्यात आमच्याकडे खाणीच्या ट्रकांची लाल माती वळणावर साचलेली असते, वर थोडंसं पाणी पडलं की नुसतं लोणी. मी 40-45 ला असेन. मयेच्या अलीकडे डावीकडचं वळण, गाडी कललेली, आणि उजव्या बाजूच्या कुंपणातून एक वासरू रस्त्यात आलं. मी दोन्ही हातांनी दोन्ही लिव्हर करकचून दाबले.

बस, एवढंच. पुढचं आठवतं ते म्हणजे हेल्मेट रस्त्यावर घासल्याचा आवाज, आणि वासरू जागेवर उभं राहून माझ्याकडे बघतंय.

का पडलो हे कळायला मला दोन महिने लागले. स्कूटरवर डावा हात म्हणजे मागचा ब्रेक, घाबरलो की दोन्ही मुठी आवळायच्या, गाडी बऱ्यापैकी सरळ थांबते, दहा वर्षं हाताने तेच केलेलं. बाईकवर डावा हात म्हणजे क्लच आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. म्हणजे मी घाबरून क्लच दाबला, इंजिन चाकापासून सुटं केलं, इंजिनने जो काही वेग आवरून धरला असता तो सोडून दिला, पाय तसाच फूटरेस्टवर, आणि सगळा भार एकट्या पुढच्या चाकावर, तेही चिखलात, तेही वळणात.

'अरे पण एबीएस होतं ना?' हा प्रश्न मला हॉस्पिटलात डॉक्टरपासून ते पाव विकणाऱ्या पोदेरापर्यंत सगळ्यांनी विचारला. होतं. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचंच आहे आणि चांगलंच आहे. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढंच त्याचं काम. गाडी कललेली असते तेव्हा टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च झालेली असते, त्यात खाली चिखल, मग ब्रेकसाठी उरणार काय? पुढचं चाक बाहेरच्या बाजूला निसटलं आणि गाडी आडवी. शिवाय टायर नवे. 312 किलोमीटरमध्ये मधला पट्टा घासला गेला होता पण कडा शोरूममधून आल्या तशाच चकचकीत होत्या, कारण मी तोपर्यंत गाडी कधी नीट कलवलीच नव्हती.

डाव्या मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर, चार आठवडे प्लास्टर, गुडघा आणि कोपर सोललेलं. पाय वाचला तो क्रॅश गार्डमुळे, ते लावताना मी 'लुक खराब होतो' म्हणून कुरकुरलो होतो. हेल्मेट फुल फेस होतं, हनुवटीच्या भागावर बोटभर खोल ओरखडा, तिथे काय असलं असतं ह्याचा विचार मी रात्री करत नाही. ते हेल्मेट वरून बाकी धड दिसत होतं तरी टाकून दिलं, कारण आतला थर्माकोल एकदा दबला की परत फुगत नाही, दुसऱ्या वेळी तो मार झेलणार नाही. आयएसआयचं नवीन घेतलं. अर्धं हेल्मेट घालून फिरणाऱ्यांना मी आता काही बोलत नाही, माझ्या जुन्याचा फोटो तेवढा दाखवतो, त्याच्यासाठीच ते ठेवलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं.

गाडीचं म्हणाल तर हँडल वाकडं, डावा लिव्हर तुटलेला, आरसा, इंडिकेटर, फूटरेस्ट, टाकीला नखाएवढा पोचा. विम्याचा क्लेम केला नाही. दुचाकीला सक्तीची वजावट (क्लेममधला आपण भरायचा वाटा) 100 रुपयेच असते पण माझ्याकडे झिरो डेप (पार्टचा घसारा न कापणारं जादा कव्हर) नव्हतं, प्लास्टिक-रबराच्या पार्टला निम्मेच पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षीचा 20 टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) जातो. हिशोब केला, खिशातून भरणं परवडलं. मोठा मार असता तर अर्थात केला असता. टाकीचा पोचा मी काढून घेतला नाही, का ते विचारू नका.

आता खरा विषय. प्लास्टर निघालं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, गाडी त्याआधीच दुरुस्त होऊन आली होती, गॅरेजवाल्याच्या पोराने आणून शेडमध्ये लावली. मी म्हटलं पाऊस आहे, जरा कमी होऊ दे. गोव्यात जूनमध्ये पाऊस कमी होण्याची वाट बघणारा माणूस म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. मग म्हटलं मनगट अजून दुखतंय. मग टायरमध्ये हवा कमी वाटते. मग बायकोची स्कूटर घेऊन जायला लागलो आणि तिला म्हटलं तू बसने जा, तुला बस बरी. तिने चार दिवस ऐकलं, पाचव्या दिवशी म्हणाली, 'विकून टाक ती, निदान माझी तरी स्कूटर मला परत मिळेल.' एकजण बघायलाही येऊन गेला, त्याने टाकीच्या पोच्यावर बोट ठेवून असली किंमत सांगितली की मला भीतीपेक्षा रागच जास्त आला.

एकदा जुलैत घेतली होती बाहेर, कोणाला न सांगता. गेटपासून मेन रोडपर्यंत तीनशे मीटर. पहिल्या वळणावर खांदे असे ताठ झाले की हँडल वळेना, गाडी सरळच जायला लागली, थांबलो, उतरलो, आणि ढकलत परत आणली. हाताला घाम. लोक सांगतात 'परत बस, आपोआप जाते भीती'. माझ्यात तर उलट त्या खेपेनंतर ती आणखी जास्त बसली.

आमच्या शेजारी एक काका आहेत, पणजीला बत्तीस वर्षं पायलट होते. बाहेरच्यांसाठी सांगतो, विमानाचे नाहीत, पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून भाडं नेणारे. फेरीच्या धक्क्यापासून मार्केट, मार्केटपासून हॉस्पिटल, मासळीची पाटी, गॅसचं सिलिंडर, सगळं वाहिलंय त्यांनी. त्यांनी मला गाडी ढकलत आणताना बघितलं होतं. संध्याकाळी येऊन बसले, चहा घेतला, आणि विचारलं, 'पडलो तेन्ना दावो हात खंय आसलो?' (पडलास तेव्हा डावा हात कुठे होता?) मी सांगितलं दोन्ही लिव्हर दाबले. ते हसले. 'तू बायक चलयनासलो पुता, स्कूटर चलयतालो.' म्हणजे तू बाईक चालवत नव्हतास पोरा, स्कूटर चालवत होतास.

एवढ्या एका वाक्यात माझं अर्धं दुखणं बरं झालं, खोटं नाही सांगत. मला तोपर्यंत वाटत होतं एक तर माझ्यात काहीतरी कमी आहे नाहीतर गाडीत. हाताची जुनी सवय म्हटल्यावर ती मोडता येईल की.

मग रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघं जवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका रिकाम्या काँक्रीटच्या जागेवर. पोत्यातून नारळाची सोडणं (वरच्या साली) नेलेली, तेच आमचे मार्कर. पहिला नियम, सगळं शिकून होईपर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही, कारण एक दिवस हे आणि एक दिवस ते केलं की हात गोंधळतो. म्हणजे बायकोची स्कूटर बायकोला, आणि बसने मी. दुसरं, थांबताना आधी पाय, मग उजवा हात हळूहळू पिळत, आणि डावा अगदी शेवटी, इंजिन बंद पडायच्या बेतात आलं की. 'पाय, उजवा, डावा' असं मोठ्याने म्हणायचं. मी हेल्मेटच्या आत म्हणायचो आणि काच धुरकट व्हायची.

पहिले दोन रविवार 20 च्या वर गेलोच नाही. 20 ला ब्रेक मारून गाडी थांबली तिथे एक सोडण, मग तिसऱ्या रविवारी 40 ला मारून थांबली तिथे एक. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट जागा लागते हे शाळेत लिहून मार्क मिळवले होते, सोडणं पावलांनी मोजली तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला. मग मुद्दाम ओल्या जागेत मागचा ब्रेक दाबून एबीएस चालू करायला लावलं, पायाखाली पेडल थरथरतं, खट खट खट, पहिल्यांदा वाटलं काहीतरी तुटलं. तो थरथराट ओळखीचा असायला हवा, नाहीतर माणूस ऐन वेळी दचकून पाय काढतो. मग सोडणांमधून आठचा आकडा. इथे काकांनी एकच गोष्ट शंभर वेळा ओरडून सांगितली, नजर. जिथे बघशील तिथे गाडी जाते. त्या दिवशी मी बघत होतो वासराकडे, म्हणून गाडी पण वासराकडेच निघालेली, त्याच्या मागे भरपूर रस्ता मोकळा होता.

सहा रविवार. गणेशचवथीच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा ऑफिसला बाईक नेली.

रस्ता ठीक गेला, त्या वळणावर 20 ने गेलो, मागचा टेम्पोवाला हॉर्न मारून थकला. खरी परीक्षा चोडणच्या धक्क्यावर. ज्यांनी फेरीत बाईक घातलीये त्यांना माहीत असेल, ओहोटी असली की उतार जास्त, रॅम्प लोखंडी, ओला, वर कोणाच्या तरी टोपलीतून गळलेलं मासळीचं पाणी, आणि मागे तीस दुचाकी घाईत. स्कूटर तिथे दोन्ही हात दाबून खाली सोडता येते. मी वरच थांबलो. फेरीवरचा खलाशी ओरडतोय, 'यो रे यो!' मी पहिल्या गिअरमध्ये, क्लच सोडलेला, नुसता मागच्या ब्रेकवर, पाय, पाय, पाय असं पुटपुटत उतरलो. बोटीत गाडी स्टँडवर लावली तेव्हा गुडघे लटपटत होते आणि समोर खारफुटीत एक बगळा एका पायावर मजेत उभा होता. त्यानंतर महिनाभर रोज दोनदा तो रॅम्प केला. माझ्या मते मला रॅम्पनेच बरं केलं, लांबच्या राईडने नाही. ऑक्टोबरात मित्रांबरोबर चोर्ला घाटही केला, मजा आली, पण खरं सांगतो तिथे नवीन काही शिकलो नाही.

गाडीबद्दल पण लिहायला हवं ना, बाईकचा अनुभव म्हटलंय. मायलेज मला 34-35 मिळतं, माझ्या चालवण्याने. खालच्या वेगात ओढ चांगली, गावातल्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये निवांत जाते. वजन चालताना जाणवत नाही, पार्किंगमध्ये मागे घेताना जाणवतं, उतारावर तोंड खाली करून कधीच लावू नका. सीट दोन माणसांना पुरते पण लांब नाही. पावसाळ्यात चेन दर 500 किलोमीटरला साफ करून ल्यूब करतो, स्कूटरवाल्याला हे कामच माहीत नसतं. आणि एक, इथल्या दमट हवेत रात्रीत ब्रेकच्या डिस्कवर तांबूस थर येतो आणि सकाळी पहिला ब्रेक खरखरतो. मी पहिल्यांदा घाबरून गॅरेजला फोन केला होता. दोन-तीनदा हळू ब्रेक मारले की जातो तो. पण रात्रीचं मी अजून टाळतो, पावसाळ्यात गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात आणि काळी म्हैस हेडलाइटमध्ये अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ह्याला भीती म्हणा हवं तर.

त्या मयेच्या वळणावर आजही 30 च्या वर जात नाही.

आई मागे बसायला तयार नव्हती. पडलो त्या दिवसापासून ती त्या गाडीला 'ती' म्हणते, नाव घेत नाही. डिसेंबरात दत्तजयंतीला साखळीच्या दत्त मंदिरात जायचं होतं, भाऊ चारचाकी घेऊन येणार होता, तो आलाच नाही. ती गेटवर उभी, फाती माळलेली, हातात नारळाची पिशवी. मी दुसरं हेल्मेट पुढे केलं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग डोक्यावर घालून घेतलं आणि एका बाजूला पाय सोडून बसायला निघाली, मी म्हटलं नाही, दोन्हीकडे पाय टाकून बस, त्यावर थोडं भांडण झालं. जाताना माझ्या खांद्यावर तिची बोटं रुतलेली. मी हेल्मेटमध्ये पाय-उजवा-डावा म्हणत होतो, तिला वाटलं स्तोत्र म्हणतोय.

देवळापाशी हेल्मेट काढलं, केसांना हात लावला आणि म्हणाली, 'फातीचं पार वाटोळं केलंस.' येताना तिने फाती आधीच काढून पिशवीत ठेवली आणि हेल्मेटसाठी हात पुढे केला.