विंग चुन की ताई ची?

भाचीने विचारलं, "मामा, लढायला शिकायचंय, विंग चुन घेऊ की ताई ची?" दोन्ही चिनी युद्धकला, दोन्हींत स्पर्शातून समोरच्याचा हेतू ओळखायचा. फरक आहे तो त्याच्या जोराचं काय करायचं, यात.

विंग चुन दक्षिणेतल्या ग्वांगदोंगची. गुरू इप मान यांनी ती 1950 पासून हाँगकाँगमध्ये शिकवली. शरीराच्या मधोमध उभी रेषा कल्पायची. आपली राखायची, समोरच्याची गाठायची. अडवणं आणि मारणं एकाच वेळी, कोपर खाली, ठोसा सरळ. 'ची साओ'त दोघे हाताला हात लावून सराव करतात. समोरचा दाब सुटला की आपला हात आपसूक पुढे घुसतो. मला यातलं सौंदर्य इथेच दिसतं.

ताई चीची चेन शैली हेनानमधल्या चेन गावची. इथे जोराला जोर भिडवत नाहीत. तो गोलाकार वळवून वाया घालवायचा, तोल गेला की कंबरेतून धक्का किंवा सांध्याला पीळ.

मेहनत? विंग चुनमध्ये रिकाम्या हाताचे फॉर्म, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, तीनच, उपयोग लवकर दिसतो; पण लांबून येणारी लाथ किंवा कुस्तीची पकड अवघड जाते. ताई चीला मांड्या आणि चिकाटी लागते, वर्षं जातात. शिवाय बऱ्याच वर्गांत फक्त संथ कवायत असते, म्हणून जोडीचा सराव, म्हणजे 'पुश हँड्स', होतो का ते आधी विचार.

खर्चाचं म्हणशील तर, विंग चुनच्या सरावाचा लाकडी पुतळा नंतर घेता येतो.

जवळून, अरुंद जागेत पटकन बचाव हवा असेल तर विंग चुन. गुडघे सांभाळत पुढची वीस वर्षं सराव करायचा असेल, तोल सुधारायचा असेल, तर ताई ची. भाचीला मी विंग चुन सुचवलं.