स्टेपनी गाडीखाली की मागच्या दारावर?

दोन गाड्यांमध्ये मन अडकलंय, एकीची स्टेपनी मागे चासीखाली टांगलेली आणि दुसरीची मागच्या दारावर. अशा वेळी बहुतेक जण या मुद्द्याकडे शेवटी बघतात. मी तो बराच वर घेतला आणि माझा कल दाराकडे गेला. कारण एकच होतं, आणि त्याचा संबंध चाक बदलण्याशी नाही, हवा बघण्याशी आहे.

खाली टांगलेल्या स्टेपनीचा व्हॉल्व बऱ्याच गाड्यांत वरच्या अंगाला, डिक्कीच्या पत्र्याकडे असतो. तिथे गेज घेऊन हात पोचत नाही. हवा बघायची म्हणजे चाक पूर्ण खाली सोडायचं, बाहेर ओढायचं, गेज लावायचं, परत आत सरकवायचं आणि परत गुंडाळायचं. धडधाकट टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपसूक कमी होते. त्यामुळे ३५ पीएसआय भरून ठेवलेली स्टेपनी दीड वर्षात १५ च्या आसपास येऊ शकते, आणि ते कळतं ते पंक्चरच्या दिवशीच. दारावर असेल तर चार चाकांची हवा बघतानाच पाचव्याची बघून होते. कव्हर असेल तर तेवढं काढावं लागतं, बस. टायरच्या वयाचंही तसंच. बाजूला कोरलेल्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हा पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असतो. ती बाजू वर गेली, तर टायर किती जुना झाला हे चाक न उतरवता कळायचं नाही.

काही गाड्यांत व्हॉल्व खालच्या अंगाला येतो. तुमची त्यातली असेल तर माझं अर्धं म्हणणं तिथेच गळून पडतं, हे मान्य. म्हणून गाडी बघायला गेलात की मागे गुडघे टेकून खाली बघून घ्या.

आता उतरवण्याबद्दल. बंपरच्या वर किंवा डिक्कीच्या गालिच्याखाली एक भोक असतं. जॅकच्या सळ्या एकमेकींत अडकवून त्यातून आत घालायच्या आणि विंचच्या, म्हणजे चाक टांगणारा वायररोप गुंडाळणाऱ्या यंत्राच्या तोंडात नीट बसल्याचं हाताला जाणवलं की उलट्या दिशेने फिरवायचं. वायररोप सुटत जातो, चाक जमिनीवर टेकतं. रोप सैल पडला की थांबायचं. पुढे फिरवत राहिलं तर तो ड्रमवर उलटा गुंडाळला जाऊन गुंततो. मग चाक उभं करायचं, रोपाच्या टोकाची आडवी पट्टी तिरकी करायची आणि रिमच्या मधल्या भोकातून काढून घ्यायची. सगळं नवं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. वजन उचलावं लागत नाही, हा या पद्धतीचा खरा मोठा गुण. मोठ्या एसयूव्हीचं चाक २५ ते ३५ किलो भरतं. ते दारावर चढवायचं म्हणजे कंबरेपर्यंत उचलून बोल्टवर बसवायचं. पाठीचा त्रास असलेल्याने किंवा एकट्याने फिरणाऱ्याने हा मुद्दा माझ्या हवेच्या मुद्द्यापेक्षा वर ठेवला, तर मी वाद घालणार नाही.

अडचण ही की ही यंत्रणा मागच्या चाकांनी उडवलेल्या चिखलपाण्यात राहते आणि वर्षानुवर्षं कोणी फिरवत नाही. विंचचा दांडा गंजून धरतो, किंवा रोप सुटतो पण चाक चासीच्या टेकूला चिकटून तिथेच राहतं. असं झालं तर अर्धी-पाऊण फेरी सैल सोडून टायरला बाजूने रबरी हातोड्याने ठोकायचं, पण अंगाचा कुठलाही भाग चाकाखाली ठेवायचा नाही. काही पिकअप आणि एसयूव्हींत दुसरा एक खटका असतो, रोप तुटला तर चाक रस्त्यावर पडू नये म्हणून. तो अडकला तर रोप सैल होऊनही चाक लोंबत नाही. मग जॅक चाकाच्या मध्याखाली लावून चाक थोडं वर ढकलायचं आणि खटका मोकळा झाला की जॅक हळूहळू उतरवायचा. घाई म्हणून एअर गनने विंच फिरवू नका. आतले दाते आणि क्लच त्या वेगासाठी बनवलेले नसतात.

मागचं चाक पंक्चर असेल तर गाडी त्या कोपऱ्यात बसते आणि स्टेपनी बाहेर ओढायला जागाच उरत नाही. आधी जॅकने तो कोपरा वर घ्यावा लागतो. अशा वेळी जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, चाक लांब हुकाने किंवा टॉमीने बाहेर ओढावं.

दारावरच्या स्टेपनीची दुखणी वेगळी आहेत. ती डोळ्यांसमोर असतात आणि हळूहळू वाढतात. दार बाजूला उघडतं, मागे जागा ठेवूनच गाडी लावावी लागते. मागच्या काचेचा खालचा भाग झाकला जातो. २५-३० किलो रोज बिजागरांवर लटकतात. काही वर्षांनी दार किंचित खाली बसतं, कुलूप बरोबर लागत नाही आणि खड्ड्यांवर खडखड सुरू होते. बऱ्याचदा दाराचे रबरी टेकू थोडे बाहेर फिरवले की ती थांबते. कंपनीच्या मापापेक्षा मोठा टायर घालणार असाल तर बिजागरं आणि स्टँड मजबूत करून घ्यावे लागतील. पण तोच मोठा टायर चासीखालच्या जागेत बहुधा मावतच नाही. उन्हाने रबर तडकू नये म्हणून कव्हर हवं. एक लॉक नट लावून त्याची किल्ली गाडीतच ठेवावी. चोरीच्या बाबतीत खालची स्टेपनीही फारशी सुरक्षित नसते.

डिक्की वर उचलून उघडणारं दार तुम्हाला हवंच असेल, किंवा पाठीमागून दिसण्याला महत्त्व देत असाल, तर खालची घ्या. मात्र दर सहा महिन्यांनी एकदा ती जमिनीपर्यंत उतरवा. विंचच्या दांड्यावर गंज सोडवणारं तेल मारा, रोप तारेच्या ब्रशने घासा, सुटलेल्या तारा दिसल्या तर विंच बदला आणि घासून झालेल्या रोपाला पातळ ग्रीस लावा. हवा नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरा, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आतच. चाक चढवताना ती कमी करता येते. परत गुंडाळताना विंच कटकट आवाज करून घसरेपर्यंत फिरवा आणि चाक हाताने हलवून बघा. हललं तर ते रस्त्यावर रोपाला घासत राहणार.

आणि गाडी ताब्यात घेण्याआधी, गाडीतल्याच अवजारांनी ही स्टेपनी एकदा उतरवून दाखवायला सांगा. सळ्या एकमेकींत बसतात का आणि व्हॉल्व कुठल्या बाजूला आहे, हे दोन्ही तिथेच कळेल.